आठ रांगा आणि एक उल्तिमो

इडाल्मिस वारोनाबरोबर काम करणं म्हणजे डोक्याला ताप. हे मी तिच्या तोंडावर म्हणतो, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. कामाग्वे शहरातल्या आमच्या संगणक केंद्रात तिचं टेबल माझ्या समोर आहे. मधे एकच पंखा, आणि तो कुणाकडे वळवायचा यावर भांडण्यात आम्हा दोघांची उमर गेली.

बाई बुटकी, चष्मा कायम कपाळावर आणि तोच चष्मा दिवसभर शोधत असणारी. तिला दोन गोष्टी सहन होत नाहीत, थंड कॉफी आणि रांग मोडणारा माणूस. आता आमच्याकडे रांग म्हणजे काही एकामागे एक उभं राहणं नव्हे. येणारा विचारतो, "उल्तिमो?" म्हणजे शेवटचा कोण? कुणीतरी हात वर करतं, आपण त्याच्या मागे. मग खुशाल सावलीत बसा, नाहीतर घरी जाऊन भात टाकून या. आपल्या पुढचा चेहरा लक्षात ठेवला की झालं. इडाल्मिसला मात्र सगळ्यांचेच चेहरे लक्षात राहतात. आमच्या गल्लीतल्या पावाच्या दुकानापुढे तिला कुणी नेमलेलं नाही, पण तिच्याशिवाय तिथे पान हलत नाही. एकदा एक धडधाकट बाप्या पाव, गॅस आणि चिकन अशा तीन रांगांत एकदमच नंबर लावून हिंडत होता. तिने भर रस्त्यात त्याला विचारलं, "तुला बुडं किती रे, तीन ठिकाणी बसायला?"

तर अशा या बाईने आमचा डिस्कचा ड्रायव्हर लिहिला. आमच्याकडे एका मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक खोटे-खोटे संगणक चालतात. त्या प्रत्येकाला वाटतं की आपल्याला स्वतःची डिस्क आहे. तशी ती नसते. 'अमुक वाच, तमुक लिही' अशा त्यांच्या मागण्या खऱ्या डिस्कपर्यंत नेणारा आणि उत्तर परत आणणारा हमाल म्हणजे तिचा ड्रायव्हर. बाहेरून काहीच उतरवून घेता येत नव्हतं त्या काळात तिने तो एकेक ओळ करून उभा केला. मदतीला होते ते सगळे एकेक करून देश सोडून गेले. कुणी माद्रिदला, कुणी टॅम्पाला. उरलो ती, मी आणि पंखा.

मग नवं यंत्र आलं, आठ प्रोसेसरवालं. आम्ही मुलांच्या इस्पितळाचं सगळं काम त्यावर चढवलं, पण एक्स-रे उघडायला पूर्वीइतकाच वेळ लागू लागला. कारण उघड होतं. ड्रायव्हरला रांग एकच. एक प्रोसेसर डिस्कशी बोलायचा आणि बाकीचे सात माशा मारत बसायचे. इस्पितळातून रोज फोन, रोज शिव्या.

आमचा साहेब यास्मानी. वय कोवळं, शर्ट कडक इस्त्रीचा. तो आमच्या टेबलांपाशी आला.

"ताई, जगभर आता प्रत्येक प्रोसेसरला वेगळी रांग देतात. आपल्या ड्रायव्हरला ते करा. महिनाअखेरपर्यंत."

"आणि नाही केलं तर?"

"तर मी बाहेरचा तयार ड्रायव्हर बसवतो. आता मिळतो तो. तुम्हाला मग गोदामात पाठवावं लागेल, खुर्च्या-टेबलं मोजायला. माझा नाइलाज आहे."

तो गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "ऐकलंस ओनेलियो? आठ रांगा! जिथे एकापेक्षा जास्त रांगा तिथे चोर. हे याला आईने शिकवलं नाही."

"अगं बाई, ही पावाची रांग नाही."

"रांग ती रांग."

तिने काम केलं, आणि जीव तोडून केलं. जेवणाच्या सुट्टीत काळ्या घेवड्याच्या भाताचा डबा कीबोर्डशेजारी तसाच गार होत असायचा. तो ड्रायव्हर गेला तर ही बाई गोदामात महिनाभरही टिकणार नाही, हे मला दिसत होतं. तिथे भांडायला कुणी नाही.

आठ रांगा तयार झाल्या. आम्ही चाचणी लावली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! एक्स-रे पूर्वीपेक्षाही हळू उघडू लागले. यास्मानीने पडद्यावरचे आकडे पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिनाअखेर दाखवून गेला. ते मला झोंबलं.

मी तिचा कोड उघडून बसलो आणि मला सापडलं ते पाहून कपाळावर हात मारला. आठही रांगांच्या वर तिने एक खूण ठेवली होती, नाव 'उल्तिमो'. कुठल्याही प्रोसेसरची कुठलीही मागणी आली की त्या मागणीने आधी तिथे जाऊन विचारायचं, सगळ्या रांगांत मिळून शेवटचा कोण? मग त्याच्यामागे नंबर लावायचा. एकाचं विचारून होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. म्हणजे रांगा आठ, पण त्या आठांना पुन्हा एका रांगेत उभं केलेलं. असली चूक जगात फक्त आमच्या बेटावरचा माणूस करू शकतो.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"उल्तिमो."

"ते वाचता येतं मला. कशाला आहे?"

"कशाला म्हणजे? आधी आलेला उभा राहणार आणि मागून आलेला काम उरकून घरी जाणार?"

"हो! जाऊ दे ना त्याला! आधी आलेल्याचं काय अडलं? ज्याला त्याला आपलं उत्तर मिळालं म्हणजे बास. डिस्कला आधी-नंतर काही नसतं, इडाल्मिस!"

"डिस्कला नसेल. माणसाला असतं. त्या मागणीमागे कुणीतरी बसलेलं असतं."

पालथ्या घड्यावर पाणी. मी इतका ओरडलो की बाजूच्या खोलीतून डोकी बाहेर आली. शेवटी म्हणालो, "ठेव तुझा उल्तिमो. गोदामात खुर्च्यांना नंबर लावायला उपयोगी पडेल."

 तिने चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्यादेखत तो उल्तिमो सगळीकडून उपटून काढला आणि म्हणाली, "घे. आता खा गोंधळ."

यंत्र वाऱ्यासारखं पळालं. यास्मानीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ती पंख्याकडे पाहत बसली.

आणि दुसऱ्याच सकाळी इस्पितळाच्या रक्त-तपासणी विभागातून फोन. तिथली मिग्दालिया तारस्वरात ओरडत होती. "डेंग्यूची पोरं दारात रांगेने पडलीत, आणि माझा एक रिपोर्ट उघडेल तर शपथ! एक्स-रेवाले मजेत आहेत, आम्ही काय पाप केलंय?"

झालं होतं असं की ड्रायव्हरचं पलीकडचं टोक, ज्याला आम्ही खिडकी म्हणतो, ते एक रांग धरायचं आणि ती संपेपर्यंत सोडायचंच नाही. एक्स-रेचं काम ज्या प्रोसेसरांवर होतं त्यांच्या रांगा कधी संपतच नव्हत्या. रक्त-तपासणीच्या प्रोसेसरची दोन-चार मागण्यांची रांग कोपऱ्यात ताटकळत होती. मागून आलेले शेकडो जण काम उरकून जात होते.

मला वाटलं, आता ही मला फाडून खाणार. ती फक्त म्हणाली, "बोल. डिस्कला काही नसतं ना?"

मी पंखा तिच्याकडे वळवला.

यास्मानी आला तो ठरवूनच. "ताई, आता पुरे. मी तयार ड्रायव्हर मागवतो."

"दुपारपर्यंत थांब."

"ताई..."

"अरे, तुझ्या जन्माआधीपासून मी रांगा लावतेय. दुपारपर्यंत थांब म्हटलं ना?"

तिने उल्तिमो परत आणला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. आठही रांगा तिने तशाच मोकळ्या ठेवल्या, कुणी कुणाला काही विचारायचं नाही. फक्त खिडकीला शिस्त लावली. प्रत्येक रांगेतून थोड्याच मागण्या घ्यायच्या आणि पुढच्या रांगेकडे वळायचं. कुणाची कितीही गर्दी असो, एकाच रांगेला चिकटून बसायचं नाही. बदल मूठभर ओळींचा. मी त्यात चूक शोधायचा मनापासून प्रयत्न केला, सापडली नाही.

यास्मानी म्हणाला, "आकडे नकोत मला. इस्पितळात जाऊन बघा. मिग्दालियाने तक्रार केली नाही, तर राहील तुमचा ड्रायव्हर."

आम्ही दोघं बसला लोंबकळत गेलो. रक्त-तपासणीच्या खोलीबाहेर आया पोरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या, कुणी ओल्या फडक्याने कपाळं पुसत होत्या. शेजारच्या एक्स-रे विभागात कामाची झुंबड होती. आम्ही मिग्दालियाच्या मागे जाऊन उभे राहिलो. तिने नाव टाकलं, रिपोर्ट उघडला. दुसरं टाकलं, तोही उघडला. ती भराभर हाका मारू लागली आणि आया उठून पुढे येऊ लागल्या.  

मी यास्मानीला फोन लावला. तो म्हणाला, "ठीक आहे, राहू दे." बस, एवढंच! त्या ड्रायव्हरमागे अख्खं आयुष्य घातलं होतं बाईने.

मिग्दालियाने मान वर केली. "अरे वा, आज सुरळीत चाललंय. व्होल्टेज चांगलं आहे वाटतं."

मी इडाल्मिसकडे पाहिलं. आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार, अशी माझी खात्री होती. तिने चष्मा कपाळावर सरकवला.

"हो," ती म्हणाली. "आज बरं आहे व्होल्टेज."

माझं मात्र डोकं फिरलं. पुढे होऊन मी टेबलावर हात आपटला. "व्होल्टेज नाही हो! या बाईने केलंय हे सगळं! या बाईने!"

मिग्दालियाने माझ्या मागे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं, इडाल्मिस केव्हाच बाहेर आयांच्या रांगेकडे गेली होती; मग माझ्याकडे पाहिलं.

"कुठल्या बाईने?" तिने विचारलं, आणि पुढच्या पोराचं नाव पुकारलं.