जिलेबीचं सिझेरियन

मंडळी, आज दुपारी आमच्या जिलेबीचं सिझेरियन झालं. जिलेबी म्हणजे आमची पग जातीची कुत्री. तिला पिल्लं व्हावीत ही हौस माझी.

सकाळपासून तिला कळा येत होत्या, पण पिल्लू बाहेर येईना. नवऱ्याने आणि मी तिला राजाजीनगरच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "डोकं अडकलंय. पगमध्ये असं बऱ्याचदा होतं. आधी विचारायचं होतं ना."

दोन पिल्लं लगेच रडली. तिसरं त्यांनी टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्याकडे दिलं आणि चोळायला सांगितलं. ते कोमट होतं, म्हणून मी चोळतच राहिले. शेवटी बाईंनी माझा हात धरला.

"साकु, अक्का," त्या कानडीत म्हणाल्या, म्हणजे पुरे आता, ताई.

आता घरी जिलेबी टाक्यांच्या दुखण्यातही दोघांना चाटतेय. सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज येताहेत आणि मला उत्तर देववत नाहीये. हौस माझी होती आणि पोट तिचं चिरलं गेलं.

तुमच्या ओळखीत कुणी असा हट्ट धरला, तर तुम्ही त्याला अडवाल का? मला कुणी अडवलं असतं, तर मी ऐकलं असतं की नाही, हे मात्र मला खरंच सांगता येत नाही.