नम्रता शिगवण आणि दुपारी थांबणारं मशीन

रत्नागिरीतल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात कॅन्सरवर किरणांचा शेक देणारं मशीन आलं, तेव्हा त्याच्या देखभालीचं काम नम्रता शिगवणने कंपनीकडून मागून घेतलं. तिचं बालपण याच जिल्ह्यातल्या पोफळीच्या वसाहतीत गेलेलं. वडील महिपत तिथल्या वीजगृहात टर्बाइनवर होते. तिची आत्या कोल्हापूरला शेक घ्यायला जाऊन-येऊन आजारापेक्षा प्रवासानेच खचली होती. "मशीन आपल्या जिल्ह्यात येतंय, तर मला तिकडेच ठेवा," असं नम्रताने कंपनीच्या पुण्याच्या साहेबांना सांगितलं आणि रत्नागिरीतच मांडवीला दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

ते मशीन म्हणजे एक छोटा प्रवेगकच. इलेक्ट्रॉनांचा झोत नळीतून भन्नाट वेगाने पळवायचा, धातूच्या तुकड्यावर आदळायचा आणि त्यातून निघणारे किरण गाठीवर सोडायचे. झोत केसभर जरी कलला, तरी किरण एका बाजूला जास्त पडतात. म्हणून एक डिजिटल यंत्रणा डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर पहारा करते. झोत डावीकडे सरकला की चुंबक त्याला उजवीकडे रेटतात; लगेच पुन्हा मोजायचं, पुन्हा रेटायचं. इतकं करूनही झोत ऐकेना, तर ती किरणच बंद करते.

उन्हाळा चढला आणि मशीन दुपारचं बंद पडू लागलं.

पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा टेबलावर मथुरा गोताड होत्या, पालीच्या आतल्या वाडीतल्या. शेक अर्ध्यात थांबला तशा त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. नम्रता आत गेली, तर त्यांनी तिचा हातच धरला. "बाय, मशीन बंद पडला म्हंजे माजा दुखणा वाडला काय गो?"

"नाही हो काकी. किरण जरा वाकडा जायला लागला, म्हणून ते आपणहून थांबलं. तुम्हाला इजा होऊ नये म्हणूनच थांबतं ते."

मथुराकाकींनी मान हलवली, पण हात काही लवकर सोडला नाही.

नम्रताला वाटलं, पहारा करणाऱ्या यंत्रणेचं इलेक्ट्रॉनिक कार्डच गेलं असणार. तिने नवं कार्ड मागवून बसवलं. सकाळ झकास गेली, आणि जेवणं होतात न होतात तोच मशीन पुन्हा थांबलं. आपला अंदाज साफ चुकला, हे तिने इस्पितळाच्या व्यवस्थापकाला, विनीतला, सांगितलं.

बाहेर बाकांवर माणसं ताटकळत होती. विनीत तसा भला माणूस, पण त्याच्याही नाकी नऊ आले होते. तो म्हणाला, "मॅडम, झोत किती कलला की किरण बंद करायचे, ती मर्यादा जरा सैल केली तर? तुमच्याकडे पासवर्ड आहे. नाहीतर या सगळ्यांना मी कोल्हापूरला धाडू का?"

नम्रताच्या डोळ्यांपुढे आत्या उभी राहिली. मर्यादा सैल करायला काही क्षण पुरले असते. पण मग किरण कुठे पडतोय याची हमी कोण देणार?

"सैल नाही करणार," ती म्हणाली. "कोल्हापूरला कुणाला पाठवूही नका. मला आजचा दिवस द्या."

विनीतने कपाळाला हात लावला, पण नाही म्हटलं नाही.

आत्तापर्यंत ती, पुण्याचे साहेब, सगळेच झोत सरळ आहे का एवढंच बघत होते. तो बंद पडण्याच्या क्षणापर्यंत अगदी सरळच दिसायचा. आता तिने दुसरा आलेख उघडला: झोत सरळ ठेवायला यंत्रणेला जोर किती लावावा लागतो, त्याचा. तो बघून ती खुर्चीत सरसावून बसली. सकाळी जोर नावापुरता, ऊन चढेल तसा वाढत जाणारा, आणि दुपारी थेट कमाल. यंत्रणा बिचारी कुठलं तरी दुखणं एकटीने झाकत होती, आणि तिचा जोर संपला की मशीन थांबत होतं.

दुपारी तापतं काय? नळी गार ठेवणारं पाणी. ते थंड करणारा चिलर होता गच्चीवर, समुद्राच्या अंगाला. नम्रता वर गेली. खाऱ्या वाऱ्याने चिलरच्या जाळ्या खाल्ल्या होत्या; पांढरी खपली धरून हवा जायची वाटच बुजली होती. पाणी गार होईना, नळी किंचित फुगायची आणि झोत भरकटायचा.

ती खाली आली तेव्हा आजही ताटकळलेल्या मथुराकाकी अजून बाकावरच होत्या. "बऱ्या आहात ना?" तिने सवयीने विचारलं.

"बरी हाय."

नम्रता त्यांच्याशेजारी टेकली. "तसं नाही काकी. इथवर यायला किती ओढाताण होते, ते सांगा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. झुंजूमुंजू व्हायच्या आधी उठायचं, घाटी उतरून पालीपर्यंत चालायचं, एसटीत उभ्याने यायचं. मशीन थांबलं की परतीची गाडी चुकायची, मग ओळखीच्यांकडे ओटीवर पडायचं. मुलगा मुंबईला, त्याला यातलं काहीच कळवलेलं नव्हतं.

"शेक संपेपर्यंत माझ्याकडे राहा. एक खोली रिकामीच आहे."

"छ्या! तुला कशाला गो तरास?"

"मला एकटीला जेवण जात नाही," नम्रता म्हणाली. ते खरंच होतं, आणि काकींनाही ते पटलं.

विनीतने गच्चीवर जाऊन जाळ्या स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या आणि तो लगेच रुग्णांच्या वेळा बदलायला बसला. नवा चिलर येईपर्यंत सगळे शेक उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत उरकायचे ठरले. तंत्रज्ञ कुरकुरले, पण आले. कोल्हापूरला कुणालाच जावं लागलं नाही. पुढे नवा चिलर इमारतीच्या मागच्या बाजूला, सावलीत बसला, खाऱ्या हवेत टिकणारा लेप देऊन. आणि जोराचा तो आलेख आता रोज सकाळी आधी बघितला जातो.

नव्या चिलरवर पहिल्यांदा दुपारचं मशीन चालवलं, तेव्हा नम्रता पडद्यासमोरून हलली नाही. जोराची रेघ खालीच राहिली. शेक पूर्ण झाला, तरी आत टेबलावर मथुराकाकींची काही हालचाल नाही. तंत्रज्ञ घाईघाईने आत गेला आणि हसतच बाहेर आला.

"मॅडम, तुम्हीच उठवा त्यांना. गाढ झोपल्यात."