दारात उरलेला जोड

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. पण ही एक घटना आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

मी तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. रविवारी सकाळी एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, इथं एका घरी धर्मांतर करून राहिले. लोक तापले हायेत, लवकर या." गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव बुडाल्यावर सरकारने वसवलेलं ते गाव. स्टेशन डायरीत नोंद करून निघालो. पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

घर एका मच्छीमाराचं. तो आणि त्याची बायको काही वर्षांपासून येशूला मानत होते. रविवारी शेजारची दोन-चार माणसं जमायची, गाणी म्हणायची, प्रार्थना करायची. ज्याला धर्मांतर म्हणत होते ते एवढंच. त्या सकाळी तोंडाला दुपट्टे बांधलेले लोक काठ्या घेऊन आत घुसले होते. बाईचं डोकं फुटलं होतं. नवऱ्याचा उजवा हात मोडला होता, आणि जाळं फेकणाऱ्या माणसाचं पोट त्या हातावरच असतं.

"बाहेरगावचे होते साहेब, मोटारसायकलवर आले," पोलीस पाटील म्हणाला. जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळं गाव एकच वाक्य बोलू लागलं की मी सावध होतो. खरं सांगताना लोक एकमेकांना मध्येच तोडतात, भांडतात.

पंचनामा सुरू केला. आत बुटांचे चिखलाचे ठसे होते. दारात चपला ओळीने काढलेल्या होत्या. आतल्या माणसांना म्हटलं, आपापल्या घाला. एक जोड उरला. टायरचा, अंगठ्याशी तारेने बांधलेला.

मारायला आलेला माणूस दारात चप्पल काढेल का? काढेल, जर त्या घरात त्याचं रोजचं जाणंयेणं असेल. हातात काठी, तोंडाला दुपट्टा, आणि पायांनी मात्र सवयीप्रमाणे चप्पल काढून ठेवली. पळताना ती तशीच राहिली.

दवाखान्यात फिर्यादीचा, म्हणजे त्या मच्छीमाराचा, जबाब घेतला. "बाहेरचे होते का?"

"नाई जी."

"मग कोण होते?"

"नाव घेनार नाई, साहेब. अन् वळखलो नाई असंबी म्हननार नाई. लबाड बोलाले मना हाय आमाले."

माझं डोकं तापलं. "हात तुझा मोडला, बायकोला टाके पडले, आणि तू कोणाला वाचवून राहिला?" त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. असा फिर्यादी मला त्याआधी भेटला नव्हता.

त्याचा धाकटा भाऊ त्याच गल्लीत राहायचा. मासेमारीचा डोंगा दोघांचा एकच, जाळी वेगळी. त्याला चौकशीला बोलावलं. खेड्यातली माणसं साहेबाच्या खोलीत येताना चप्पल बाहेरच काढतात, त्यानेही काढली. कोरी करकरीत होती. तो आत बसून "मी पान्यावर होतो जी" हे एकच पालुपद लावत होता, तेवढ्यात हवालदाराने पंचांसमक्ष जप्तीतला जोड त्याच्या नव्या चपलेशेजारी ठेवला. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, जा. तो आमच्याकडे मागे पाहत बाहेर पडला आणि पाय सरळ टायरच्या चपलेत गेले. थोडा चालला. मग खाली पाहिलं आणि व्हरांड्यातच मटकन बसला.

"मले म्हनले, संगं नाई आला त तुजंबी जाळं पान्यात पडू देनार नाई," तो रडत म्हणाला. "वयनीले मी हात नाई लावलो साहेब. पन भावाचा हात मीच मोडलो." त्याने आणखी दोघांची नावं सांगितली. तिघांना अटक केली.

मग गावातली वजनदार मंडळी ठाण्यात आली, फिर्यादी नवरा-बायकोला सोबत घेऊन. बोलणं अगदी गोड. घरची प्रार्थना बंद करतो एवढं कबूल कर, तुझ्या घरचं अडवलेलं जाळं उद्यापासून पाण्यात. नाहीतर गाव तुझं नाही.

"भावावर राग नाई मले," तो म्हणाला. हात प्लास्टरमध्ये होता. "पन प्रार्थना बंद नाई होनार."

"काहून रे? खाशील काय?" मंडळींतल्या एकाने विचारलं.

"उपाशी राहीन. येशूले सोडून जेवलो त घास उतरनार नाई."

डोक्याला पट्टी बांधलेली बायको म्हणाली, "आमी तुमाले या म्हनत नाई. आमाले त बसू द्या."

मंडळी उठून गेली. पुढच्या रविवारी मी बंदोबस्त लावला आणि पोलीस पाटलाला घेऊन स्वतः त्या घरी गेलो. भीतीने बाकीचे कोणीच आले नव्हते. आत दोघंच, दार उघडं. तो मोठ्याने प्रार्थना करत होता, मारणाऱ्यांसाठी, एकेकाचं नाव घेऊन. आधी भावाचं. मग त्याच्यासोबत कोठडीत असलेल्या दोघांचं, त्यांच्या लेकरांना उपाशी ठेवू नको म्हणून. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात त्याने चौथं नाव घेतलं. "याच्या पोरीचा ताप उतरू दे, देवा."

ते नाव माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोलीस पाटलाचं होतं.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब, मी फक्त दुपट्टे आनून देलो," तो म्हणाला. मी त्याला काहीही विचारलं नव्हतं.

तोही आरोपी झाला. पण कोर्टात साक्षीदार एकामागून एक फिरले आणि चौघंही सुटले. त्या घरचं जाळं पुन्हा पाण्यात पडलंच नाही. बाई धानाच्या रोवण्याच्या मजुरीला दूर कोंढा गावाकडे जाऊ लागली, गावात तिला कोणी काम देईना. मी त्या दारात शिपाई उभे करू शकलो, पण एकाही शेजाऱ्याला पुन्हा आत नेऊन बसवू शकलो नाही.

लोकांच्या तोंडून नावं काढणं हेच माझं आयुष्यभराचं काम होतं. कोणी सूड म्हणून नाव सांगायचा, कोणी स्वतः सुटण्यासाठी. मारणाऱ्याचं नाव त्याच्या भल्यासाठी घेणारा माणूस मला एकच भेटला, आणि त्याला आम्ही नीट जगू दिलं नाही.