अर्जातला नववा रकाना

बाळांनो,

तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून वाक्यं लहान ठेवते आहे. हे फोनवर सांगता आलं नसतं. मी फोनवर बोलते तेव्हा तुमचा काका शेजारीच पेपर वाचत बसलेला असतो.

आत्ताच लिहायचं कारण तुमच्या आईने दिलं. थोरल्याची तिकडची नोकरी जाऊन पाच महिने झाले, आणि तो मित्रांना सांगतो की मी स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करतो, असं ती म्हणाली. सांगताना ती हसली. मला हसू आलं नाही. असेच दोन शब्द मी एकदा माझ्या हाताने लिहिले होते.

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, हे तुम्हाला माहीत आहे. इकडे दक्षिणेत वेलचेरीला राहायला आल्यावर आमच्या इमारतीतले लोक फॉर्म भरायला माझ्याकडे येऊ लागले. पासपोर्टचा, बँकेचा, मुलांच्या कॉलेजचा. ‘टीचर अम्मा’कडून भरून घेतलेला फॉर्म परत येत नाही, असं म्हणत. माझे नियम ठरलेले होते. काळी शाई, खाडाखोड नाही, एकही रकाना रिकामा नाही, आणि देण्याआधी एक झेरॉक्स.

तुमचा काका तेव्हा अंबत्तूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स क्लार्क होता. एका सोमवारी तो कामावर गेला तर फाटकाला कुलूप आणि वर चिकटवलेली नोटीस. तो बत्तीस वर्षांचा होता. त्याच आठवड्यात त्याने एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातलं. तिथे काम शोधणाऱ्यांची सरकारी यादी असते आणि तिच्यात जुन्या नावाला आधी बोलावतात. दर तीन वर्षांनी जाऊन कार्डावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर नाव गळतं. काका त्या दिवशी पहाटेच निघायचा.

“देवळातल्या रांगेत निदान शेवटी प्रसाद तरी मिळतो,” तुमचे आजोबा म्हणायचे.

“इथे शिक्का मिळतो, बाबा. तोही जांभळा,” काका म्हणायचा.

असे दोन शिक्के झाले. मधल्या काळात त्याने कुठे कुठे चकरा मारल्या ते लिहीत बसत नाही. ‘बेकार’ हा शब्द मात्र आमच्या घरात कोणी उच्चारला नाही. पुण्याहून आत्याचा फोन आला की मी म्हणे, “त्याचं चाललंय काहीतरी.” खरं तर चाललेलं एवढंच, की तळमजल्यावरच्या दोन बहिणींना तो संध्याकाळी गणित शिकवायचा, आणि त्यांची आई त्याला कॉफी द्यायची.

सातव्या वर्षी एक्स्चेंजमधून बोलावण्याचं पोस्टकार्ड आलं. सरकारने नवी योजना काढली होती. पाच वर्षांहून जास्त काळ यादीत असलेल्या आणि चाळिशीच्या आतल्या लोकांना तीन महिने कॉम्प्युटर शिकवणार, आणि मग सिरुसेरीच्या कॉम्प्युटर कंपन्यांच्या कचेऱ्यांमध्ये लावून देणार. काकाला चाळीस पूर्ण व्हायला चार महिने होते. म्हणजे ही एकच तुकडी त्याच्या हातात होती.

तो फॉर्म घेऊन आला तेव्हा शिट्टी वाजवत जिना चढला. मी ती शिट्टी फार वर्षांनी ऐकली.

“आई, तूच भर. माझं अक्षर बघून डॉक्टरची नोकरी देतील.”

मी टेबल पुसलं, पेन घेतलं. आठ रकाने झाले. नववा होता, ‘सध्याचा व्यवसाय’.

“निल लिही,” काका म्हणाला.

“निल कसं? त्या मुलींना शिकवतोस ना?”

“दोन मुली आणि एक कॉफी. त्याला व्यवसाय म्हणतात होय?”

“शिकवणं ते शिकवणं. सात वर्षं नुसता बसून होता, असं वाटायला नको त्यांना.”

आजोबा पेपरमागून म्हणाले, “अगं, बसलेल्यांसाठीच आहे ना ती योजना?”

“तुम्ही पेपर वाचा,” मी म्हटलं. आणि माझ्या सर्वांत सुरेख अक्षरात लिहिलं, प्रायव्हेट ट्यूटर.

काकाने फॉर्म हातात घेतला, सावकाश वाचला आणि सही केली. मी खाली जाऊन झेरॉक्स काढून आणली.

दीड महिन्याने एक्स्चेंजच्या फळ्यावर यादी लागली. त्यात त्याचं नाव नव्हतं. काहीतरी चूक झाली असणार म्हणून मीही त्याच्याबरोबर गेले. चूक झाली तर ती त्यांचीच, याबद्दल मला शंका नव्हती. झेरॉक्स पिशवीत होती.

टेबलामागे माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची एक बाई होती. मी इंग्रजीत बोलू लागले तशी ती उठून उभी राहिली. तिने गठ्ठ्यातून अर्ज शोधून काढला आणि नवव्या रकान्यावर बोट ठेवलं.

“अम्मा, ही योजना काम नसलेल्यांसाठी आहे. ह्या सारना काम आहे असं इथे लिहिलंय. खाली सही पण आहे.”

“ते काम नव्हे. शेजारच्या मुलींना सहज शिकवतो तो.”

“मग इथे का लिहिलं?”

मी म्हटलं, दुसरा फॉर्म भरून देते. तिने मान हलवली. तुकडी भरली होती. शिवाय अर्ज पाहून रजिस्टरात ‘काम मिळालं’ अशी नोंद झाली होती, आणि काकाचं नाव मोठ्या यादीतूनही निघालं होतं.

“पुन्हा नोंदवता येईल, सार. पण आज नोंदवलं की आजपासून मोजणार.”

“आधीची सात वर्षं?” काकाने विचारलं.

तिने त्याची जन्मतारीख पाहिली आणि पेनाला टोपण लावलं. मग काहीतरी चांगलं बोलावं म्हणून असेल, तिने विचारलं, “फॉर्म कोणी भरला हो, सार? अक्षर फार छान आहे.”

“मीच भरला,” काका म्हणाला.

मी त्याच्या शेजारीच उभी होते. अर्जावरची त्याची सही म्हणजे कोंबडीचे पाय, ते त्या बाईलाही दिसत असणार. ‘मी भरला’ एवढंच मला म्हणायचं होतं. मी पिशवीचे बंद धरून उभी राहिले. बोलून यादी बदलली नसती, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. ते खरंही आहे. पण स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव खोडून घेणारा माणूस म्हणून ती त्याच्याकडे पाहत होती, आणि मी पाहू दिलं.

परतताना शेअर ऑटोत आम्ही समोरासमोर बसलो होतो. मग तो म्हणाला, “आई, सही करताना मी ते दोनदा वाचलं होतं.”

“मग बदललं का नाहीस?”

“वाचून बरं वाटलं.”

मी वरच्या साहेबांना तीन अर्ज लिहिले. उत्तर आलं नाही. काकाने नाव पुन्हा नोंदवलं, पण त्यानंतर शिक्का मारायला तो गेला नाही. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर त्याला टी. नगरच्या एका साड्यांच्या दुकानात काम लागलं. गिऱ्हाइकांच्या पिशव्या ठेवून घ्यायच्या आणि बिल्ला द्यायचा. दिवसभर उभं राहायचं. सकाळी तो ज्या थांब्यावर टी. नगरच्या बसची वाट पाहायचा, तिथेच सिरुसेरीची कंपनीची बस थांबायची. तिच्यात त्या तुकडीतला एकजण असे, गळ्यात ओळखपत्र घातलेला. रांगेतली जुनी ओळख, म्हणून तो खिडकीतून हात करायचा. काकाही करायचा. हे मला काकाने नाही, तळमजल्यावरच्या मुलींच्या आईने सांगितलं. त्या मुलींचं गणित त्याने यादी लागली त्याच महिन्यात बंद केलं होतं. का बंद केलं ते त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

आजोबांनी मला त्याबद्दल एक शब्दही ऐकवला नाही. ऐकवला असता तर सोपं गेलं असतं. इमारतीतले फॉर्म मी त्यानंतर परत पाठवू लागले. डोळ्यांना त्रास होतो म्हणून सांगितलं. तेव्हा डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

थोरल्या, तुझ्याकडेही असे फॉर्म येतील. कामाच्या रकान्यात जे आहे तेच लिही. नसेल तर नाही म्हणून लिही. लाज वाटेल, पण ती घरच्यांनी सोसायची असते. मी ती सोसली नाही आणि तिचा भार काकावर टाकला. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र टाकण्याआधी त्याला वाचून दाखवावं, असं मनात आहे. जमेल की नाही माहीत नाही.

काका अजून त्याच दुकानात जातो. आता त्याला बसायला स्टूल दिलं आहे. जांभळ्या शिक्क्यांचं कार्ड त्याने कुठे टाकलं ते मी विचारलं नाही. अर्जाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. एकदा पुराचं पाणी आमच्या मजल्यापर्यंत चढलं तेव्हा कडेला तपकिरी डाग पडला, पण नववा रकाना अजून स्पष्ट वाचता येतो.