हिरव्या मोटारीचा इतिहास

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात माझी मावशी एका हिरव्या, उघड्या टपाच्या इंग्रजी गाडीपाशी थबकली. तरुणपणी तिने ही गाडी मायदेशी निघालेल्या, चहाचा मळा असलेल्या एका इंग्रज साहेबाकडून घेतली होती. पुढे मावशी बाळंतपणाला माहेरी गेली आणि नवऱ्याने तिला न विचारता गाडी विकून टाकली. मावशी सासरी परतलीच नाही.

आज तोच नवरा गाडीच्या नव्या मालकाला सांगत होता, "महाबळेश्वरचा घाट मी हिच्यातूनच चढायचो. स्वतः चालवत!"

घाटात गाडी चालवायची ती मावशी; त्याला सायकलसुद्धा धड येत नव्हती. कुणी आपली वस्तू नेली तर ते एक वेळ विसरता येतं. आपले दिवसच तो स्वतःचे म्हणून सांगू लागला, की मात्र आत काहीतरी पेटतं.

"मग एक फेरी मारून दाखवा ना," मावशी गोड आवाजात म्हणाली.

मालकाने हौसेने किल्ली पुढे केली. नवऱ्याने मावशीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मला... चालवता येत नाही."

"मला येते. गाडी माझीच होती," असं म्हणत मावशीने मालकाकडून किल्ली घेतली आणि मैदानाला झोकात फेरी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तरी ती थांबली नाही. दुसरी फेरी तिने मुद्दाम नवऱ्याच्या अगदी जवळून, सावकाश घेतली.