वाचनालयाला एवढे फ्लॉवर बेड?

मी दिवसा पनवेलच्या एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होतो आणि उरलेल्या वेळात स्वतः आर्किटेक्ट होत होतो. कोर्स नोकरी करणाऱ्यांसाठीच होता, म्हणजे अभ्यास कधी करायचा ते ज्याचं त्याने बघायचं. नकाशे मी काढायचो, सही साहेबांची. मला माझी सही हवी होती, बस! डिझाइनच्या तोंडी परीक्षेत दोनदा आपटलो, तेव्हा बायकोने निक्षून सांगितलं, "यंदा नापास झालात तर तो ड्रॉइंग बोर्ड मी पापड वाळवायला घेणार." खांदा कॉलनीतल्या आमच्या गच्चीवर नेऊन तिने उन्हाचा अंदाजही घेतला होता.

यंदाचा विषय होता, उरणला वाचनालय. मी ते झोकात काढलं. आता, तेव्हा आमच्याकडे प्रत्येक बिल्डिंगला फ्लॉवर बेड असायचेच. फ्लॉवर बेड म्हणजे खिडकीबाहेरचा, फुलझाडांसाठी म्हणून दाखवलेला कट्टा. तो क्षेत्रफळात धरत नसत. मंजुरी मिळाली की भिंत पाडायची आणि कट्टा खोलीत! त्यात फूल उगवलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. पण हाताला असं वळण पडलेलं, की खिडकी काढली की पुढे फ्लॉवर बेड आपोआप यायचा.

परीक्षक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. चष्मा वर करून त्या नकाशात पार घुसल्या. "वाचनालयाला एवढे फ्लॉवर बेड? संडासालासुद्धा?"

"मॅडम, ते नंतर आत घ्यायचे."

म्हणालो कसला, बरळलो! वर, बाईंना कळलं नसेल म्हणून भिंत कुठून पाडायची तेही पेन्सिलीने दाखवलं. मग त्यांचा चेहरा दिसला आणि माझ्या डोळ्यांसमोर पापड आले.

"कोणाच्या ऑफिसात आहेस?"

मी साहेबांचं नाव सांगितलं. बाई खो खो हसत सुटल्या. "अगंबाई! तो होय? आमच्या वर्गात होता. दोन मजली शाळा काढली आणि जिनाच विसरला. पोरं काय उडत जाणार होती वर? त्याच्या हाताखाली राहून तुझा जिना जागेवर आहे, कमालच म्हणायची!" मग लाल पेन माझ्या हातात दिलं. "सगळे कट्टे काट. आणि कुठल्या खिडकीतून काय दिसतं ते सांग."

हे मला कधी कोणी विचारलंच नव्हतं. काटत गेलो तसं सुचत गेलं. इथून खाडी. इथून वाळत घातलेली जाळी. "आणि इथून काही नाही मॅडम, हा संडास आहे."

पास झालो! साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "परीक्षक कोण होतं रे?"

मी सांगितलं. पेढा गालातच थांबला.

"माझ्याबद्दल काही बोलली?"

"छे हो साहेब. तुमची आठवण काढत होत्या, एवढंच."

साहेबांनी पेढा कसाबसा गिळला. मग क्लायंटची खुर्ची स्वतः पुढे सरकवून म्हणाले, "बसा ना, उभे का?"