कोंडाबाईची शेवटची जांभळ

"तुझ्या भट्टीनं डोंगर बोडका केला, आक्का!"

"आन् तुझ्या टकलाला काय माझी भट्टी लागली व्हय रं?"

गेनबानं हिरवी टोपी कानापर्यंत खाली ओढली. वनसमितीचा अध्यक्ष झाल्यापासून ती टोपी तो झोपतानाच काढत असावा. पाली गावाच्या वरच्या वस्तीवर, थोरल्या बहिणीच्या कोळशाच्या भट्टीसमोर उभा राहून तो भाषण ठोकत होता आणि कोंडाबाई मातीनं लिंपलेल्या ढिगाला पडलेली भेग चिखलानं बुजवत होती. भेगेतून वारा आत शिरला की कोळशाची राख होते. भावाचं काय, तो पुन्हा येतो.

चाळीस वर्षं तिनं हेच केलं. नुसत्या धुराच्या रंगावरून आत काय शिजलंय ते सांगायची. कापूरहोळच्या ढाब्यांवरच्या रोट्या तिच्या कोळशावर फुगल्या, पोरगी त्याच कोळशावर नर्स झाली. स्वतःच्या घरात मात्र गॅस. "धुरानं डोळं जात्यात बया," म्हणायची.

"झऱ्याची धार बघ. करंगळीयेवढी ऱ्हायली. झाडं गेली, पाणी गेलं," गेनबा म्हणाला.

हे खोटं नव्हतं. हंडा भरेस्तोवर आता तिची दोनदा तंबाखू मळून व्हायची. तिच्या मालकीचं आता एकच झाड उरलं होतं, खालच्या पायवाटेची जांभळ, नेमकी झऱ्याच्या डोक्यावर.

"पटलं बाबा. ह्यी भट्टी उतरली की बंद. शेरडं राखीन."

गेनबा घुटमळला. "तसं एकदम नगं. थर्टीफस्टला माझ्या भाड्याच्या तंबूंवर शहरातली शंभर टाळकी येणार हायेत. कोंबड्या भाजाय चार पोती तरी..."

"हितला माल ढाब्याचा. तुझी पोती कशाची? माझ्या हाडांची?"

"जांभळ हाय की."

"झऱ्यावरची?"

"एका झाडानं काय व्हतंय, आक्का!"

ती हसली, खोकली, पुन्हा हसली. मग कुडाला टेकवलेली कुऱ्हाड आणून तिनं त्याच्या हातात दिली.

"घ्या, अध्यक्ष. कोंबड्या भाजायच्या का पाणी प्यायचं, तूच ठरीव. पयला घाव तुझा."

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला, तंबूचं गिऱ्हाईक असावं. त्यानं उचलला नाही. टोपी काढली, टक्कल पुसलं, टोपी घातली आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून पायवाटेला लागला. जांभळीपाशी पोचला. कोंडाबाई भट्टी सोडून पायवाटेच्या कडेला आली.

तो थांबला नाही.

"आरं ए गेन्या, कुऱ्हाड माझी हाय!"

वळणापर्यंत नुसता मोबाईल वाजत गेला.